जाळं रिकामं राहू दे

दर्याची देवी मात्सूमाय मागितलेलं देते, याबद्दल लाऊकांग बंदरात कुणाचंही दुमत नाही. मागताना तेवढं नीट मागावं लागतं. आधी नाव सांगायचं, मग जन्मतारीख, मग घराचा पत्ता गल्लीसकट, आणि मग काय हवं ते. मासळीबाजारातल्या एका म्हाताऱ्याने नातू मागितला आणि गल्लीचा नंबर सांगायला विसरला, तर नातू मागच्या गल्लीत झाला. म्हातारा अजून त्या पोराकडे बघून उसासे टाकतो.

यून-रूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती या बंदराची सून, आणि तिची सासू किम-चू रोज पहाटे देवळात झाडलोट करणारी. वर यून-रू लाऊकांग महिला फुटबॉल क्लबची कप्तान आणि गोलकीपर. म्हणजे घरात काय नि मैदानात काय, चुकायची सोयच नसलेली बाई. तरी चूक झाली, आणि तीही अशी की सगळ्या आशियाने टीव्हीवर पाहिली.

आशियातल्या देशोदेशींच्या महिला क्लबांची स्पर्धा दर वर्षी भरते. यंदा एका गटाचे सामने लाऊकांगला मिळाले. हनोईचा संघ येणार, ओसाकाचा येणार, ताश्कंदचा येणार, आणि यजमान म्हणून आपल्या बायका, ज्यांच्या छातीवर माशाच्या गोळ्यांच्या कारखान्याचं चिन्ह असतं. चौघांतले दोन संघ पुढे जाणार. गावाने रस्ताभर कंदील लावले आणि पाहुण्यांना कोणते मासे खाऊ घालायचे यावरून दोन भांडणंही उरकून घेतली.

यून-रूला मात्र धड झोप येत नव्हती. गेल्या वर्षी याच स्पर्धेत ओसाकाच्या बायकांनी तिच्या मागच्या जाळ्यात सात गोल घातले होते. किम-चूची बंदरावर कालवांच्या ऑम्लेटची गाडी आहे. हरून आलेल्या सुनेला तिने तव्यावरून नजर न हलवता विचारलं होतं, "सात? अगं, एका ताटलीत मी कालवंसुद्धा सात घालत नाही."

यंदा तर तिने कहरच केला. सामने सुरू व्हायच्या आधी गाडीच्या मागच्या फळीवर एक भक्कम खिळा ठोकला आणि सुनेला बोलावून दाखवला.

"पुढे गेलात तर खेळ बाई, माझी ना नाही. पण बाहेर पडलात, तर ते हातमोजे इथे टांगायचे आणि कालथा हातात घ्यायचा. माझे गुडघे गेले, तुझे निघालेत. दोघींपैकी एकीने तरी शहाणं व्हावं."

यून-रूने खिळ्याकडे पाहिलं आणि "बरं, आई" म्हणाली. किम-चूपुढे दुसरं काही म्हणून बघितलेली माणसं गावात आहेत, पण ती हल्ली दुसऱ्या गाडीवर खातात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळा संघ देवळात गेला. संघाच्या वतीने गाऱ्हाणं एकानेच घालायचं असतं, म्हणून पोरींनी कप्तानाला पुढे ढकललं. फटाके फुटत होते, ढोल वाजत होते, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर "ताई, जरा डावीकडे" करत होता. देवीच्या दोन्ही बाजूंना तिचे राखणदार उभे होते, एक हजार कोसांवरचं पाहणारा, दुसरा वाऱ्यावरचं ऐकणारा. यून-रू गुडघ्यावर बसली. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता तर मजल्यासकट सांगितला. आणि डोळ्यांसमोर ते सात गोल आले तशी घाईघाईने म्हणाली, "माय, या स्पर्धेत आमच्या सामन्यांत बॉल जाळ्यात जाऊ देऊ नकोस. तीन दिवस तुझ्यापुढे बाहुल्यांचा खेळ लावीन."

मग कौल लावला. कौलाचे ते दोन लाल लाकडी ठोकळे एका अंगाने सपाट, एका अंगाने फुगीर. जमिनीवर टाकले की एक सपाट, एक फुगीर वर आला तर देवीचा होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. आणि दोन्ही सपाट आले तर देवी हसली, म्हणजे 'बाई गं, नीट विचार' असं समजायचं. लागोपाठ तीन होकार आले की कौल पक्का. यून-रूला तीनही होकार पहिल्याच फेरीत आले. पोरींनी किंचाळून देऊळ डोक्यावर घेतलं.

हनोईशी सामना झाला, शून्य-शून्य. गाव खूश झालं.

मग आला ओसाकाचा संघ. त्यांनी असा काही मारा केला की यून-रूला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. ती डावीकडे झेपावली, उजवीकडे झेपावली, एकदा तर तोंडाने बॉल अडवला. पुन्हा शून्य-शून्य. ओसाकाच्या बायका मान खाली घालून बसकडे गेल्या आणि गाव फटाके घेऊन देवळाकडे पळालं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने दुकानात चित्र लावलं: मात्सूमाय गोलात उभी, हातात हातमोजे. खाली लिहिलं होतं, 'आमची खरी गोलकीपर'. सुजलेला ओठ घेऊन यून-रू तिथे पाव आणायला गेली, तर बेकरीवाला हात जोडून म्हणाला, "मायची कृपा!" तिने पाव घेतला, पैसे टाकले आणि दार जरा जोरातच लावलं. देवीवर तिचा राग नव्हता. पण ओठ तर तिचा फुटला होता ना.

हे झालं एका टोकाचं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच रडकथा चालू होती. पेइ-चन नावाची वीस वर्षांची पोरगी संघाची गोल मारणारी. लीगमध्ये तिला धरायला दोन-दोन जणी लागायच्या. तिचा बॉल हनोईविरुद्ध आधी एका खांबाला लागला, मग दुसऱ्या खांबाला, मग आडव्या दांडीवर बसून जरा विसावला आणि मागे पडला. ओसाकाविरुद्ध जाळं सताड उघडं असताना तिने मारलेला बॉल स्वतःच्याच मैत्रिणीच्या पाठीवर आपटून परत आला. प्रेक्षकांनी तिचं नाव 'खांबेश्वरी' ठेवलं.

आता तिसरा सामना ताश्कंदशी. जिंकलं तर पुढे. बरोबरी झाली तर ताश्कंद पुढे, लाऊकांग घरी, आणि यून-रूचे हातमोजे खिळ्यावर.

सामन्याच्या आदल्या दुपारी यून-रू गाडीवर सासूला मदत करत होती. तेवढ्यात पेइ-चन आली आणि स्टुलावर बसून रडायलाच लागली.

"ताई, त्साय सर उद्या मला बाहेर बसवणार. मी काय करू? बॉल जाळ्याजवळ गेला की कुणीतरी हात आडवा घालतं बघा. शपथ! तिकडे तुमच्यापेक्षा भारी गोलकीपर उभा आहे, आणि तो मला दिसत नाही."

अंडं फोडता फोडता यून-रूचा हात थांबला. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, पुन्हा पुटपुटली, आणि पांढरीफटक पडली.

"आई," ती म्हणाली, "माझं काहीतरी चुकलंय."

किम-चूने गॅस बारीक केला. "काय मागितलंस मायकडे? शब्दन् शब्द बोल."

यून-रूने सांगितलं.

"कुठलं जाळं?"

"म्हणजे... जाळं. आपलं. माझ्या मागचं."

"तसं म्हणालीस?"

यून-रूने नाही म्हणून मान हलवली. गोलकीपरला मैदानात एकच जाळं असतं. पन्नास बायकांनी समजावलं तरी दुसरं तिच्या ध्यानात यायचं नाही.

"अगं माझे आई!" किम-चूने कालथा आपटला. "दर्याच्या देवीपुढे बसून, मासेमारांच्या गावात, जाळं रिकामं राहू दे म्हणून नवस करणारी तू पहिलीच! आणि तो वाऱ्यावरचं ऐकणारा काय बहिरा आहे? ऐकलं त्याने, दिलं तिने. तरीच म्हणते, माझा अ-हाँग दोन दिवस बर्फ घेऊन समुद्रात जातो नि बर्फच घेऊन परत येतो!"

अ-हाँग म्हणजे यून-रूचा नवरा. तो मागे होडीचं दोरखंड सोडवत बसला होता. "मला वाटलं पाणी गरम झालंय," तो म्हणाला आणि पुन्हा दोरखंडात घुसला.

पेइ-चन आळीपाळीने दोघींकडे बघत होती. "म्हणजे माझे पाय ठीक आहेत?"

"ठणठणीत आहेत," यून-रू म्हणाली.

"ताई! मी दोन दिवस धड जेवले नाहीये!"

"मग आता जेव," म्हणून किम-चूने तिच्यापुढे ताटली आदळली. तीत कालवं दहा तरी होती.

नेमके तेव्हाच त्साय सर आले. सर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी संघाला. झाला प्रकार ऐकून ते फार दुःखी झाले. "दोन बरोबऱ्या झाल्या, त्यात देवी कुठून आली? बचाव चांगला आहे, हल्ला वाईट आहे. विषय संपला."

"मग तुमच्या लॅपटॉपवर ती हिरवी मक्याच्या कुरकुऱ्यांची पुडी कशाला ठेवलेली असते हो?" किम-चूने विचारलं.

"ते वेगळं. पुडी असली की यंत्र नीट वागतं. शिवाय लॅपटॉप जुना आहे." सर जरा घुटमळले. "देवळात जाणारच असाल, तर पेनल्टीचंही विचारून घ्या."

सासू-सून देवळाकडे निघाल्या. वाटेत यून-रूला राहवलं नाही. "आई, आम्ही बाहेर पडलो तर फायदा तुमचाच आहे. मग तुम्ही कशाला येताय?"

"तुझं-माझं भांडण घरातलं आहे," किम-चू म्हणाली. "त्यात मायला वकील करून मला जिंकायचं नाही. हरायचं तर स्वतःच्या हातापायांनी हर. आणि उद्या लोक म्हणतील, लाऊकांगच्या देवीला फुटबॉल कळत नाही. ते मी ऐकून घेणार नाही."

देवळात तेव्हा गर्दी नव्हती. यून-रू बसली, नाव-गाव-पत्ता सगळं पुन्हा सांगितलं आणि म्हणाली, "माय, चुकलं माझं. आमचं जाळं बंदच ठेव, पण समोरचं तेवढं उघड." ठोकळे टाकले. दोन्ही सपाट.

"हसली," किम-चू म्हणाली.

"आमचं बंद, समोरचं थोडंसं उघड. एकच गोल. खेळ तीनऐवजी पाच दिवस लावीन."

पुन्हा दोन्ही सपाट. एक ठोकळा तर लोळत लोळत गेला आणि मग सपाट झाला.

"पोट धरून हसतेय बघ ती. मासळीच्या लिलावात उभी आहेस का? मेल्या माशालाही कळेल तुझी लबाडी. समोरच्या पोरीसुद्धा कुणाच्या तरी लेकी आहेत. त्यांचं जाळं उघडं नि तुझं बंद, हा कुठला न्याय?"

"मग काय मागू?"

"ते मी नाही सांगायची. तुला ठाऊक आहे."

यून-रूला ठाऊक होतं, म्हणूनच तिची जीभ रेटत नव्हती. पुन्हा सात झाले तर? या वेळी परक्या गावात नाही, इथे, बेकरीवाल्यासमोर, अ-हाँगसमोर. दोन सामने तिचं जाळं कोरं राहिलं होतं. ते देवीमुळे असो की कुणामुळे, पण राहिलं होतं आणि ती रात्री शांत झोपली होती. मग तिला ताटलीवर वाकून, नाक पुसत कालवं खाणारी पेइ-चन आठवली. तिने ठोकळे कपाळाला लावले.

"माय, दोन्ही जाळ्यांवरचा हात काढून घे. आमच्याही. आमचं आम्ही बघू."

एक सपाट, एक फुगीर. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"झालं," किम-चू म्हणाली. "बाहुल्यांचा खेळ मात्र लावावा लागेल. तीन दिवसांचा. मायने दोन सामने उभं राहून काढलेत."

ताश्कंदच्या बायका उंच होत्या आणि त्यांना देवळातल्या वाटाघाटींची काही कल्पना नव्हती. सामना सुरू झाला. त्साय सरांनी पेइ-चनला बसवलं नव्हतं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या अर्ध्यात तिच्याकडे बॉल आला, तिने पाय उगारला, बॉल बुटाला न लागता नडगीला लागला, वेडावाकडा उसळला, खांबाला टेकला आणि आत गेला. क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. पेइ-चन स्वतः रेफरीकडे बघत राहिली, हे चालतं का म्हणून. मग स्टेडियम असं ओरडलं की बंदरातले बगळे उडाले.

यून-रू आपल्या टोकाला उड्या मारत होती. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता. आणि याच आनंदात, दुसऱ्या अर्ध्यात, ताश्कंदच्या एका पोरीने फार लांबून, काही मनात न धरता मारलेला एक गरीब, सरपटता बॉल तिच्या हातांखालून, दोन पायांमधून हळूच निघून जाळ्यात गेला. एक-एक.

स्टेडियमने कपाळावर हात मारला. कुणीतरी कळवळून ओरडलं, "मात्सूमाय, कुठे गेलीस गं?"

यून-रूला तिथेच जमिनीत शिरावंसं वाटलं. तिची नजर आपोआप वर गेली, आभाळाकडे, देवळाच्या छपराकडे. आणि तिला मागून, जाळ्याच्या अगदी पलीकडून, आवाज आला.

"वर काय बघतेस? वर कुणी नाहीये! बॉल खाली असतो!"

किम-चू कुंपणाला लटकून उभी होती. अंगावर तेलकट एप्रन होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने सुनेचा एकही सामना पाहिला नव्हता. भर गिऱ्हाइकाच्या वेळी ती गाडी बंद करून आली होती.

यून-रूने बॉल जाळ्यातून काढला आणि पुढे फेकला. आता तिला भीती वाटत नव्हती असं नाही. चांगली वाटत होती. पण भीतीबरोबर हातमोज्यांच्या आतली स्वतःची दहा बोटंही जाणवत होती.

शेवटी शेवटी कॉर्नरवरून आलेल्या बॉलला पेइ-चनने डोकं लावलं. दोन-एक. माशाच्या गोळ्यांचे कारखानदार खुर्चीवरून पडले. पण रेफरी काही शिट्टी वाजवेना, आणि ताश्कंदची सगळी पलटण लाऊकांगच्या गोलपुढे जमली. बॉल आला, कुणाच्या तरी डोक्याला लागला, कुणाच्या पाठीला, आणि ताश्कंदच्या सर्वांत उंच पोरीने चार हातांच्या अंतरावरून तो असा हाणला की तो कोपऱ्यातच जाणार. यून-रू झेपावली. गुडघा कुरकुरला. बॉल मधल्या बोटाच्या शेंड्याला लागला, बोट मागे वळलं, आणि बॉल खांबाच्या बाहेरून गेला. मग शिट्टी झाली.

गाव उठलं आणि फटाके घेऊन देवळाकडे धावलं. बेकरीवाला सगळ्यांत पुढे. "मायने शेवटचा बॉल अडवला! मी बघितलं, साक्षात!" तो ओरडत होता. सगळी गर्दी त्या बाजूला चालली होती, आणि एकटी किम-चू, कोपराने माणसं सारत, उलट्या दिशेने मैदानात येत होती.

यून-रू खांबाला टेकून बसली होती. किम-चूने तिचा हात ओढला, हातमोजा काढला आणि सुजलेलं बोट उलटसुलट करून पाहिलं. बाजारात मासा घेताना ती असंच बघते.

"शेवटचा बॉल," ती म्हणाली.

"हं."

"तो तिने नाही अडवला. तिने हात काढून घेतला होता. कौल पडला तेव्हा मी शेजारी बसले होते, मी साक्षीदार आहे. तो तू अडवलास."

यून-रूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. चौतीस वर्षांची बाई, संघाची कप्तान, पेइ-चनसारखी नाक ओढत रडली. किम-चूने एप्रनचं टोक पुढे केलं. त्याला कालवांचा वास येत होता.

संध्याकाळी गाडी पुन्हा लागली. सगळा संघ तिथेच होता. त्साय सर फळ्यावर काढावं तसं ताटलीत सॉसने आकृती काढून विजय समजावत होते, पण ऐकत कुणी नव्हतं. अ-हाँगच्या होडीला दुपारी बांगडा लागला होता, तो ते ज्याला त्याला सांगत होता. यून-रूने ओले हातमोजे धुतले आणि वाळत घालायला म्हणून सवयीने मागच्या फळीकडे गेली. खिळ्यावर कालथा टांगलेला होता.

"तिथे जागा नाही," किम-चू तव्यावरून न वळता म्हणाली. हातात दुसरा, नवाकोरा कालथा होता. "दुसरीकडे वाळत घाल. पुढचा सामना कुठे तुमचा?"

"कोरियात, आई."

"तिथे मात्सूमायचं देऊळ असेल?"

"सामन्याच्या गावात तरी नाही, म्हणतात."

किम-चूने ऑम्लेट उलटलं आणि कडा दाबल्या.

"बरंच आहे," ती म्हणाली. "नाहीतरी तुला कुठे नीट मागता येतं?"